पहिली मध्यम पल्ल्याची ट्रायथलॉन: नावनोंदणीपासून अंतिम रेषेपर्यंत

मध्यम पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल चालवणे आणि २१.१ किलोमीटर धावणे हे तीनही टप्पे एकाच दिवशी, याच क्रमाने आणि घड्याळ न थांबता पूर्ण करायचे असतात. एकूण अंतर ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल भरते, आणि म्हणूनच या पल्ल्याला ‘सेव्हन्टी पॉइंट थ्री’ असेही म्हणतात. १९७८ साली हवाईत सुरू झालेल्या आयर्नमॅन स्पर्धेच्या पूर्ण पल्ल्याचे हे निम्मे अंतर असल्याने बोलण्यात मात्र ‘हाफ आयर्नमॅन’ हेच नाव अधिक चालते. नोकरी-व्यवसाय सांभाळून हौसेने खेळणाऱ्या माणसाला हा पल्ला आवाक्यातला आहे. मात्र या स्पर्धेत उतरल्यावर मला जे सर्वांत ठळकपणे जाणवले, ते आधीच सांगून ठेवतो: तिचा निकाल शेवटच्या २१ किलोमीटरांत दिसतो आणि तो बहुतांशी त्याआधीच्या सायकलवर ठरलेला असतो. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीभोवती फिरणाऱ्या आहेत.

पहिली पायरी: स्पर्धेची निवड आणि वेळेचा हिशोब

सलग ४०० मीटर पोहता येत असेल, सायकलवर दोन तास बसता येत असेल आणि न थांबता १० किलोमीटर धावता येत असेल, तर साधारण पाच महिन्यांची तयारी पुरेशी ठरते. यांपैकी पोहणे अजिबात येत नसेल, तर नावनोंदणी पुढे ढकलणे शहाणपणाचे आहे, कारण धावण्याची उणीव चालून भरून काढता येते, पाण्यात तशी सोय नसते. शक्य असल्यास त्याआधी एखादी ऑलिंपिक पल्ल्याची, म्हणजे १.५, ४० आणि १० किलोमीटरची स्पर्धा करावी. अंतरापेक्षाही एका खेळातून दुसऱ्या खेळात जाण्याची सवय त्यातून होते. तयारी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून, विशेषतः हृदयाची, तपासणी करून घ्यावी. ट्रायथलॉनमधील मृत्यूंपैकी बहुसंख्य पोहण्याच्या टप्प्यात होतात आणि त्यांतील अनेकांमागे आधी लक्षात न आलेला हृदयविकार असतो, त्यामुळे ही तपासणी केवळ अर्जातील रकाना भरण्यासाठी करू नये.

स्पर्धा निवडताना मार्गाचा चढ-उतार, पाण्याचे स्वरूप आणि हवामान या तीन गोष्टी पाहाव्यात. पहिल्या खेपेला तळ्यातील किंवा संथ पाण्यातील पोहणे आणि बऱ्यापैकी सपाट रस्ता असलेली स्पर्धा बरी. त्यानंतर वेळेची मर्यादा, म्हणजे कट-ऑफ, बारकाईने वाचावी. अनेक स्पर्धांत पोहण्यासाठी १ तास १० मिनिटे, सायकल टप्पा संपेपर्यंत एकूण साडेपाच तास आणि संपूर्ण स्पर्धेसाठी साडेआठ तास अशी मर्यादा असते, परंतु ती प्रत्येक आयोजक आपल्या मार्गानुसार ठरवतो. या आकड्यांचा अर्थ कागदावर काढून पाहावा. १ तास १० मिनिटांत १.९ किलोमीटर म्हणजे दर १०० मीटरला साधारण ३ मिनिटे ४० सेकंद. पाण्यात पूर्ण वेळ लागला आणि कपडे बदलण्यात १० मिनिटे गेली, तरी सायकलसाठी ४ तास १० मिनिटे उरतात, म्हणजे ताशी जवळजवळ २२ किलोमीटरचा सरासरी वेग पुरतो. आता स्वतःचा अंदाज बांधावा. १०० मीटरला अडीच मिनिटे, सायकलवर ताशी २७ किलोमीटर आणि धावताना किलोमीटरला ७ मिनिटे असा वेग धरला, तर ट्रान्झिशनची, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना कपडे-सामान बदलण्याची, १२ मिनिटे मिळवून एकूण वेळ पावणेसात तासांच्या आसपास येते. त्यातील निम्मा वेळ सायकलवर जातो, आणि सरावाचे तास वाटताना हेच प्रमाण डोळ्यांसमोर ठेवावे.

दुसरी पायरी: आठवड्याची घडी

आठवड्याला आठ ते दहा तास हा नोकरदार माणसाला पेलणारा आकडा आहे. त्यात दोन ते तीन वेळा पोहणे, तीन वेळा सायकल, तीन वेळा धावणे आणि एक संपूर्ण विश्रांतीचा दिवस बसवता येतो. सुट्टीच्या एका दिवशी लांब सायकल फेरी आणि दुसऱ्या दिवशी लांब धाव, अशी रचना बहुतेकांच्या आयुष्यात मावते. लांब सायकल फेरी हळूहळू वाढवत ८० ते १०० किलोमीटरपर्यंत आणि लांब धाव १८ किलोमीटरच्या आसपास न्यावी. तीन आठवडे भार वाढवून चौथ्या आठवड्यात तो उतरवावा. शरीर बळकट होते ते या उतरत्या आठवड्यात, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते.

सरावाचा मोठा भाग, ढोबळमानाने पाचांपैकी चार भाग, पूर्ण वाक्ये बोलता येतील इतक्या सावकाश वेगाने करावा. नवोदितांचा नेहमीचा कल याच्या उलट असतो. ते सावकाश दिवशी थोडे जास्त जोरात आणि जोराच्या दिवशी थोडे कमी जोरात जातात, परिणामी सगळे दिवस सारखेच दमवणारे आणि सारखेच निरुपयोगी होतात.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याच्या सरावाला ब्रिक म्हणतात. सायकलवर पाय एका ठरावीक वर्तुळात फिरत असतात आणि शरीराचे वजन खोगीर उचलते, त्यामुळे उतरल्यावर पहिले काही मिनिटे मांड्या जड लागतात, पावले आखूड पडतात आणि वेगाचा अंदाज पार चुकतो. गंमत अशी की पाय जड वाटत असतानाही घड्याळात वेग ठरवल्यापेक्षा जास्तच दिसतो. ही विचित्र अवस्था दहा-पंधरा मिनिटांत निवळते, हे स्वतः अनुभवलेले असणे एवढाच ब्रिकचा मुख्य उपयोग. म्हणून दर आठवड्याला एका सायकल फेरीनंतर १५ ते ३० मिनिटे धावणे पुरेसे आहे. पूर्ण ९० किलोमीटरनंतर पूर्ण २१ किलोमीटर धावून पाहण्याचा मोह टाळावा.

तिसरी पायरी: तरण तलावातून उघड्या पाण्यात

तरण तलावात २ किलोमीटर आरामात पोहणारा माणूसही उघड्या पाण्यात पहिल्या दोनशे मीटरांत धापा टाकू लागतो, असे मी वारंवार पाहिले आहे. तळ दिसत नाही, भिंतीला हात लावून विसावता येत नाही, थंड पाण्याने श्वास आखडतो आणि आजूबाजूचे हातपाय अंगावर येतात. यातील कशाचाही संबंध पोहण्याच्या ताकदीशी नाही, आणि म्हणून त्यावरचा उपायही निराळा आहे. स्पर्धेआधी किमान पाच-सहा वेळा, कधीही एकट्याने नव्हे, उघड्या पाण्यात पोहावे आणि कमरेला रंगीत तरंगता फुगा बांधावा. पाण्यात शिरल्यावर लगेच वेग न घेता चेहरा बुडवून तोंडाने पूर्ण श्वास सोडण्याचा सराव करावा, कारण धाप लागते ती बहुधा हवा आत न गेल्यामुळे नव्हे, तर आतली पुरती बाहेर न सोडल्यामुळे.

दिशा राखण्यासाठी दर आठ-दहा हातांनंतर डोळे मगरीसारखे पाण्याच्या किंचित वर आणून पुढचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, पाहावा आणि मग बाजूला वळून श्वास घ्यावा. डोके पूर्ण उचलले की पाय बुडतात. बोया लाटेआड जात असेल, तर त्याच्या मागची एखादी उंच इमारत किंवा झाड आधीच हेरून ठेवावे. समोरच्या पोहणाऱ्याच्या पायांमागे राहून पोहणे नियमात बसते आणि त्याने बरीच शक्ती वाचते, फक्त तो योग्य दिशेने जात आहे ना, याची खात्री अधूनमधून स्वतः करावी.

वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा घट्ट रबरी पोशाख, उबेसाठी असतो तसाच तरंगण्यासाठीही असतो आणि नवोदितांना त्याचा फायदा सर्वाधिक होतो. आयर्नमॅन मालिकेतील स्पर्धांत हौशी खेळाडूंना पाण्याचे तापमान २४.५ अंश सेल्सियसपर्यंत असताना तो मुक्तपणे वापरता येतो. त्याहून गरम पाण्यात तो घालणाऱ्याला पारितोषिकाचा हक्क राहत नाही आणि २८.८ अंशांच्या वर तो कोणालाच चालत नाही. तापमान स्पर्धेच्या सकाळी जाहीर होत असल्याने त्याच्यासह आणि त्याच्याविना, दोन्ही प्रकारे पोहण्याची तयारी हवी.

चौथी पायरी: सायकल आणि सामान

साधी, आपल्या मापाची आणि नीट देखभाल केलेली रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यासाठीची पातळ टायरांची सायकल, पहिल्या स्पर्धेला पुरते. महागड्या चाकांची चर्चा सराव सोबत्यांमध्ये खूप रंगते, परंतु जाणकाराकडून बैठकीची उंची आणि हँडलचे अंतर बसवून घेणे, म्हणजेच बाइक फिट, यावर खर्च केलेला तास कोणत्याही चाकापेक्षा जास्त परतावा देतो. हँडलवर बसवायचे एरोबार, म्हणजे वाऱ्याचा विरोध कमी करण्यासाठी कोपरे टेकवून पुढे झुकायचे दांडे, घेतलेच, तर त्यांवर सलग अर्धा-पाऊण तास स्थिर राहता येईपर्यंत सराव करावा, कारण दर दोन मिनिटांनी उठून बसणाऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही. एका हाताने बाटली काढून पाणी पिणे आणि ती जागेवर ठेवणे, हे मात्र प्रत्येकाला डोळे झाकून जमले पाहिजे.

पंक्चर काढण्याची जबाबदारी खेळाडूची स्वतःची असते आणि बाहेरच्या माणसाची मदत घेतल्यास बाद ठरवले जाऊ शकते. दोन ट्यूब, टायर लिव्हर आणि छोटा पंप किंवा कार्बन डायऑक्साइडची नळी खोगिराखालच्या पिशवीत ठेवावी. मागचे चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव घरी करावा, कारण पंक्चर बहुधा मागच्याच चाकाला होते आणि गिअरच्या साखळीमुळे तेच काढायला किचकट असते.

कपड्यांत ट्रायसूट सोयीचा, कारण तोच तीनही टप्प्यांत अंगावर राहतो. मान, काख आणि जांघा येथे घर्षण टाळणारे मलम लावावे. ही क्षुल्लक वाटणारी बाब दुर्लक्षिली, तर संध्याकाळच्या अंघोळीत तिची आठवण येते.

पाचवी पायरी: खाणे हा चौथा खेळ

स्नायू आणि यकृतात साठवलेले कर्बोदक साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते आणि सहा-सात तासांच्या श्रमाला ते एकटे पुरत नाही. म्हणून स्पर्धेत ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, असे क्रीडापोषणाचे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. आतडे केवळ ग्लुकोज ताशी साधारण ६० ग्रॅमपर्यंतच शोषू शकते. फ्रुक्टोज दुसऱ्या वाटेने शोषले जात असल्याने दोन्हींचे मिश्रण घेतल्यास त्यापुढे जाता येते. नवोदिताने ताशी ६० ग्रॅमचे लक्ष्य धरावे. सायकलवर ३ तास २० मिनिटे लागणार असतील, तर त्याचे २०० ग्रॅम होतात. एका जेलमध्ये, म्हणजे कर्बोदकांच्या घट्ट गोड पाकाच्या छोट्या पाकिटात, बहुधा २० ते ३० ग्रॅम असतात, म्हणजे केवळ जेलवर अवलंबून राहिल्यास सायकलवरच सात-आठ पाकिटे संपवावी लागतील. बहुतेकांना इतका गोडवा सोसत नाही, म्हणून काही भाग बाटलीतील पेयातून, काही केळे किंवा घन पदार्थातून आणि उरलेला जेलमधून घ्यावा.

या बाबतीत एकच कठोर नियम पाळावा: सरावात न खाल्लेली गोष्ट स्पर्धेत तोंडात घालू नये. पोटालाही सराव लागतो. सुरुवातीच्या लांब फेऱ्यांत ताशी ३०-४० ग्रॅमने सुरुवात करून ते प्रमाण आठवड्यागणिक वाढवावे. आयोजक मार्गावर कोणते पेय ठेवणार आहेत हे आधी कळत असेल, तर तेच आणून सरावात प्यावे. खाण्याचा मोठा भाग सायकलवर उरकण्याचे कारण असे की तेथे शरीर हलत नाही आणि पोट शांत असते. धावताना मात्र तेच जेल घशाखाली उतरवणे अवघड होते. धावण्याच्या उत्तरार्धात ज्यांना चक्कर येते किंवा अचानक सगळे निरर्थक वाटू लागते, त्यांच्यापैकी अनेकांनी सायकलच्या शेवटच्या तासात खाणे सोडलेले असते. भूक लागण्याची वाट न पाहता घड्याळात दर १५ किंवा २० मिनिटांची सूचना लावून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय.

पाण्याचे गणित प्रत्येकाचे वेगळे असते. एक तास सराव करण्याआधी आणि अंग कोरडे करून नंतर वजन करावे. घटलेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम, आणि त्यात त्या तासात प्यालेले पाणी मिळवावे. ही गळती पूर्णपणे भरून काढण्याची गरज नसते. उलट, तासन्‌तास नुसते पाणी भरपूर पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घातक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून पेयात मीठ असावे आणि तहानेपलीकडे पिण्याचा अट्टाहास नसावा.

सहावी पायरी: नियम आणि ट्रान्झिशन

हौशी खेळाडूला दंड होतो तो प्रामुख्याने ड्राफ्टिंगमुळे, म्हणजे पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाला राहून वाऱ्याचा विरोध चुकवल्यामुळे. मोठ्या स्पर्धांत दोन सायकलींमध्ये १२ मीटरचे अंतर राखावे लागते. पुढे जायचे असेल तर त्या अंतरात शिरल्यापासून २५ सेकंदांत ओलांडणे पूर्ण करावे लागते आणि ज्याला ओलांडले त्याने मागे सरकायचे असते. याचा दंड सामान्यतः पाच मिनिटांचा असतो. हेडफोन वापरता येत नाहीत आणि ठरवून दिलेल्या पट्ट्याबाहेर कचरा टाकणेही दंडनीय आहे. आदल्या दिवशीची सूचनासभा कंटाळवाणी वाटली तरी चुकवू नये, कारण मार्गातील अवघड वळणे तेथेच कळतात.

ट्रान्झिशनमध्ये एक क्रम अंगवळणी पाडावा: सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा बंद, आणि सायकल स्टँडवर परत लावल्यानंतरच तो उघडायचा. चढण्याच्या आणि उतरण्याच्या रेषा आदल्या दिवशी चालत जाऊन पाहाव्यात आणि पाण्यातून येताना आपली सायकल कितव्या रांगेत दिसेल हे लक्षात ठेवावे. शेकडो सायकलींत आपली सायकल शोधत फिरण्याइतका वेळ वाया घालवणारा दुसरा प्रकार नाही.

सातवी पायरी: शेवटचे दोन आठवडे

सरावाचे एकूण तास निम्म्यावर आणावेत, पण अधूनमधून स्पर्धेच्या वेगाने छोटे टप्पे करत राहावे. या काळात अंग आळसावते आणि नसलेली दुखणी जाणवू लागतात. ते नेहमीचेच आहे. नवे बूट, नवे खोगीर किंवा नवा आहार यांना आता जागा नाही.

आठवी पायरी: स्पर्धेचा दिवस

सुरुवातीच्या सुमारे तीन तास आधी सवयीची, कमी तंतूंची आणि कर्बोदकयुक्त न्याहारी करावी. चाकांतील हवा तपासावी, सायकल हलक्या गिअरवर ठेवावी आणि वेळ नोंदवणारी चिप पट्ट्याने घोट्याला बांधावी. टप्प्याटप्प्याने पाण्यात सोडणाऱ्या स्पर्धेत आपल्या खऱ्या वेगाच्या गटात उभे राहावे. पुढे घुसल्यास वेगवान पोहणारे अंगावरून जातात. पहिली दोनशे मीटर मुद्दाम सावकाश पोहावीत. श्वास बिघडलाच तर पाठीवर उताणे व्हावे, किंवा हात उंचावून बचाव कयाकला, म्हणजे मदतनीसाच्या छोट्या होडीला, बोलवावे. कयाकला धरून विसावा घेण्यास परवानगी असते, फक्त त्याच्या साह्याने पुढे सरकायचे नसते.

सायकलचे पहिले वीस-पंचवीस किलोमीटर या संपूर्ण दिवसातील सर्वांत फसवे असतात. पाण्यातून सुखरूप आल्याचा आनंद असतो, पाय ताजे असतात आणि शेजारून माणसे सुसाट जात असतात. या वेळी स्वतःला ‘हे फारच सोपे आहे’ असे वाटले, तर वेग बरोबर आहे असे समजावे. पॉवर मीटर, म्हणजे पायडलवर लावलेली शक्ती मोजणारे उपकरण, असल्यास तासभर टिकवता येणाऱ्या कमाल शक्तीच्या ७० ते ७५ टक्के ही नवोदितासाठी सुरक्षित पातळी आहे. ते नसल्यास छोट्या वाक्यांत बोलता येईल इतकाच जोर लावावा. चढावर इतरांना पुढे जाऊ द्यावे, कारण चढावर लावलेल्या जादा जोराने मिळतात ती सेकंदे, आणि धावताना जातात ती मिनिटे. सायकलवर पाच मिनिटे जास्त लागली म्हणून धावण्यात कोणाचे फारसे बिघडत नाही. पाच मिनिटे वाचवण्यासाठी मांड्या झिजवणाऱ्याला मात्र १२व्या किलोमीटरपासून चालत जाताना मी पुष्कळदा पाहिले आहे.

शेवटच्या पाच किलोमीटरांत हलक्या गिअरवर पाय जरा जलद फिरवावेत आणि एक-दोनदा उभे राहून पाठ सैल करावी. धाव सुरू झाल्यावर पहिले तीन किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे १०-१५ सेकंद हळूच जावे. दुपार झालेली असते, ऊन चढलेले असते, त्यामुळे प्रत्येक मदत केंद्रावर डोक्यावर पाणी ओतावे, टोपीत बर्फ ठेवावा आणि पिण्यासाठी ठरवून २०-३० पावले चालावे. असे ठरवलेले चालणे आणि नाइलाजाने आलेले चालणे यांत मोठा फरक आहे. पहिल्याने एकूण वेळेत फारशी भर पडत नाही, दुसऱ्यानंतर पुन्हा धावायला लागणे फार कठीण जाते. १० ते १६ किलोमीटर हा पट्टा मनाला सर्वांत जड जातो. तेथे उरलेल्या अंतराऐवजी पुढच्या केंद्रापर्यंतचाच विचार करावा. १६व्या किलोमीटरनंतर अंगात काही शिल्लक आहे असे आढळले, तर ते तेथे निःसंकोच खर्च करावे. सायकलवर राखून ठेवले होते ते याचसाठी.

अंतिम रेषा ओलांडल्यावर लगेच आडवे होऊ नये. पाच-दहा मिनिटे चालत राहावे, कारण एकदम थांबल्याने रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. तासाभरात कर्बोदके आणि प्रथिने असलेले काहीतरी खावे. गोंधळल्यासारखे वाटणे, सतत उलट्या किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही असल्यास थेट वैद्यकीय तंबूत जावे. पुढचा आठवडा चालणे आणि हलके पोहणे यांपलीकडे काही करू नये, आणि पुढच्या स्पर्धेची नावनोंदणी जिने सहजपणे उतरता येऊ लागल्यानंतरच करावी.